सुखात्मिकेचा बॅले बसवू पाहणाऱ्यांस हितोपदेश

शेक्सपिअरच्या एखाद्या सुखात्मिकेचा बॅले बसवायचे ठरवले असेल, तर प्रथम सर्व संवाद काढून टाकावेत आणि त्यांच्या जागी काय येणार, हा प्रश्न कोणालाही विचारू देऊ नये. नुकताच ‘ट्वेल्फ्थ नाइट’चा असा एक प्रयोग मी तिकीट काढून पाहिला असल्याने हा सल्ला अनुभवाचा आहे.

कथानक पुस्तिकेत छापावे. प्रेक्षक ते अंधारात वाचतील.

नायिका व्हायोला ड्यूकच्या चाकरीसाठी पुरुषवेष घेते, तेव्हा तिला टोपी घालावी आणि पायांतले पॉइंट शूज, म्हणजे चवड्यांच्या टोकावर नाचण्यासाठी बॅलेतल्या नर्तिका घालतात ते कडक टोकाचे बूट, तसेच ठेवावेत. ज्या वेषांतरावर अख्खे नाटक उभे आहे ते पावलागणिक उघडे पडले, तरी ड्यूकने तिच्या पायांकडे पाहिले नाही म्हणजे झाले.

माल्व्होलियोच्या पत्राकडे विशेष लक्ष द्यावे. मूळ नाटकात हा घमेंडखोर कारभारी बनावट पत्र मालकिणीचेच समजून वाचतो, एम, ओ, ए, आय या चार अक्षरांतून ओढूनताणून स्वतःचे नाव काढतो आणि झुडपाआड लपलेल्या टवाळांना हसू आवरत नाही. आपण पत्राचा मजकूर मागच्या पडद्यावर झळकवावा, टवाळांना विंगेत पाठवावे आणि नर्तकाला कागद हाती धरून एक गिरकी, मग छातीवर हात, मग पुन्हा गिरकी एवढेच करू द्यावे. अहो, पण हसू त्या कागदात नव्हतेच! ते त्या माणसाच्या ताठ मानेत, फुगत जाणाऱ्या छातीत आणि मोजून टाकलेल्या पावलाचा तोल हळूहळू सुटण्यात होते. हे तर नृत्याचे हक्काचे भांडवल. ते सोडून आम्हाला वाचायलाच लावायचे असेल, तर आम्ही घरी बसून नाटकच का वाचू नये?

शेवटी लग्न लावून पाहुण्यांना मनसोक्त नाचवावे. कोणी कुरकुरलाच, तर नृत्यदिग्दर्शक बॅलनशीनने १९६२ साली शेक्सपिअरच्याच ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’चा जवळजवळ सारा दुसरा अंक विवाहसोहळ्याला दिला होता, हा दाखला तोंडावर फेकावा, त्याआधीच्या अंकात त्याने गोष्ट नाचातूनच सांगितली होती, हे मात्र गिळून टाकावे.

पुरे झाले. नृत्यदिग्दर्शक अ‍ॅश्टनने त्याच नाटकावरच्या १९६४ च्या ‘द ड्रीम’मध्ये गाढव झालेल्या बॉटमला पॉइंट शूज घालून खूर दिले. क्रँको या दुसऱ्या नृत्यदिग्दर्शकाने १९६९ साली श्टुटगार्टमध्ये ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ बसवताना केट आणि पेट्रुकिओ यांचे भांडण थेट युगुलनृत्यात उतरवले. वाट मळलेली आहे, पण तुम्हाला चालायचे नाही. नर्तकांकडून विनोदाचे टायमिंग घोटून घेण्याइतकी मेहनत करायची नसेल, तर नाटकाला हात लावू नका. गोष्ट नसलेला बॅले करा, त्यात काहीही कमीपणा नाही. मात्र जाहिरातीत ‘धमाल विनोदी’ छापून पैसे घ्यायचे आणि हशा पडद्यावरच्या अक्षरांकडून मिळवायचा, ही सरळसरळ फसवणूक आहे.