वादळातला वाद

जून लागला की आमच्या ह्यूस्टनमध्ये दोन जाती अचानक वाढतात. डास आणि चक्रीवादळतज्ज्ञ. डासांवर फवारणी होते.

तुम्ही या भागात नवे असाल, शुगरलँडला किंवा केटीला नुकतीच वास्तुशांत केली असेल, तर एक गोष्ट लवकर समजून घ्या. मेक्सिकोच्या आखातात काही शिजायला लागलं की चारचौघांत तुमची पत तुम्ही किती ठामपणे बोलता यावर ठरते. घरात पाण्याचे किती कॅन भरून ठेवलेत, हे कुणी विचारत नाही. आपल्या भाषेनेही हे ओळखलेलंच आहे. 'वादळ' या शब्दात आधी 'वाद' येतो. 'ळ' काय, येईल तेव्हा येईल.

हंगाम कागदोपत्री १ जून ते ३० नोव्हेंबर. तज्ज्ञाने मात्र मे महिन्यातच कंबर कसावी, आणि त्यासाठी वादळ असायची अट नाही. अमेरिकेचं जीएफएस नावाचं मॉडेल, म्हणजे संगणकावर मांडलेलं हवामानाचं गणित, दिवसातून चार वेळा चालतं आणि दर वेळी पुढच्या १६ दिवसांचं भविष्य सांगतं. मे-जूनमध्ये मध्य अमेरिकेभोवती वाऱ्यांचा एक भलामोठा, आळशी भोवरा फिरत असतो. तो दिसला की या मॉडेलला पान्हा फुटतो आणि तेराव्या-चौदाव्या दिवसावर क्यूबाच्या शेजारी ते एक जांभळं, गरगरीत वादळ जन्माला घालतं. मुलगी बघायला जायच्या आधीच बारशाचा हॉल बुक करण्यातला हा प्रकार. तुम्ही नेमकं तेच चित्र उचला आणि ओळखीच्या सगळ्यांना पाठवा. खाली फक्त 'बघा हं, मी काही बोलत नाही' एवढं लिहा. सहा तासांनी तेच वादळ फ्लोरिडाला जाईल, बारा तासांनी मेक्सिकोतल्या युकातानला, आणि दुसऱ्या दिवशी समुद्र साफ. काळजी नको. रिकामा समुद्र कुणी कुणाला पाठवत नाही.

(दुपारी साडेचारनंतर येणाऱ्या आवृत्तीला इथले हवामानवेडे 'हॅपी अवर' म्हणतात. ती जरा घेऊन आल्यासारखी बोलते म्हणून. अनुभवी माणूस नेमकी तीच पाठवतो.)

यानंतर बाजू निवडा. अमेरिकन की युरोपियन? हा प्रश्न देवगड की रत्नागिरी याच तोडीचा आहे, आणि त्याचंही उत्तर चाखून द्यायचं नसतं, गावावरून द्यायचं असतं. युरोपियन मॉडेलचं मुख्यालय इंग्लंडात, रीडिंगला. म्हणजे वादळ आखातातलं आणि पत्रिका विलायतेत मांडलेली. आमच्या गल्लीतले एक काका कट्टर युरोपियनवाले आहेत. त्या मॉडेलने एकदा त्यांच्या मुलीच्या लग्नाचा मांडव कोरडा ठेवला होता, तेव्हापासून. मला विचाराल तर अशी निष्ठा वगैरे ठेवू नका. निकष एकच ठेवा. ४ जुलैच्या सुट्टीसाठी गॅल्व्हेस्टनला समुद्रावरचं घर भाड्याने घेतलंय ना? मग जे मॉडेल वादळाला मेक्सिकोला किंवा लुइझियानाला धाडतं, ते आजच्यापुरतं सगळ्यात शास्त्रीय. लुइझियानातला मराठी माणूसही हाच निकष लावेल आणि त्याचं शास्त्र टेक्सासकडे बोट दाखवेल. त्याला दोष देऊ नये. सगळ्या मॉडेलांच्या रेघा एका नकाशावर काढल्या की त्याला इथे स्पॅगेटी म्हणतात. आपण शेवया म्हणू. त्या ढिगातून आपल्या घरापासून सगळ्यात लांब जाणारी शेवई अलगद उचलायची आणि बाकीच्या ताटात टाकून द्यायच्या.

आता मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राविषयी. ही मंडळी रसिक नाहीत. ते चौदाव्या दिवसाचं बोलतच नाहीत, सात दिवसांवर थांबतात. नकाशावर पिवळा, नारिंगी, लाल असे डाग टाकतात, आणि पिवळा म्हणजे वादळ होण्याची शक्यता ४० टक्क्यांच्याही खाली. तज्ज्ञासाठी मात्र पिवळा डाग हीच सुगी. लाल झाला की लोक बोलायचे थांबतात आणि दुकानात जातात.

वादळाला नंबर किंवा नाव मिळालं की हे केंद्र एक शंकू काढतं. पांढरा, पुढे फुगत जाणारा. या शंकूचा अर्थ कधीही वाचू नका. वाचलात तर कळेल की तो मागच्या पाच वर्षांतल्या चुका मोजून आखलेला असतो. वादळाचं केंद्र तीनातल्या दोन वेळा त्याच्या आत राहतं, म्हणजे तिसऱ्या वेळी बाहेर जातं. शिवाय शंकू सांगतो ते फक्त केंद्राबद्दल. वारा किती लांब पोचेल, पाऊस किती पडेल, समुद्र किती आत शिरेल, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. एवढं सगळं कळल्यावर गप्पा कशा मारणार? म्हणून शंकूला लक्ष्मणरेषा समजा. आपण रेषेच्या बाहेर, वादळ आत, आणि आपण सीतेपेक्षा हुशार.

बाहेर राहिलेल्या माणसासाठी मराठीत एक सुरेख शब्द आहे: 'हुकलं'. हा शब्द घोटून घ्या. वादळ कुणाला लागलं हे विचारायची गरजच तो संपवून टाकतो.

२०२४च्या जूनमधलं अल्बर्टो घ्या. वर्षातलं पहिलं नाव, १९ जूनला मिळालेलं. दुसऱ्या दिवशी ते मेक्सिकोत ताम्पिकोजवळ जमिनीवर आलं. वारा ताशी ८० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे हरिकेन व्हायला लागणाऱ्या ११९च्या जवळपासही नाही. आमच्याकडे एकमताने ठराव झाला: हुकलं. आता ताम्पिकोपासून साडेसातशे किलोमीटरहून लांब, टेक्सासमधल्या सर्फसाइड बीचवर रस्त्यांतून समुद्र वाहत होता, ही गोष्ट खरी. पण रेघ ताम्पिकोला होती. पाण्याने नकाशा बघून यायला नको?

'नुसतं ट्रॉपिकल स्टॉर्म (हरिकेनच्या खालची पायरी) आहे हो' हे वाक्यही पाठ हवं. 'नुसतं' वर जोर. हे वाक्य म्हणताना समोर कुणी २००१ साली ह्यूस्टनमध्ये राहिलेलं नाही ना, एवढी खात्री करून घ्या. त्या जूनमध्ये ॲलिसन आलं. तेही नुसतंच. ५ जूनला किनाऱ्यावर चढलं, उत्तरेला गेलं, वाटेत काही विसरल्यासारखं मागे फिरलं आणि ८ तारखेच्या रात्री शहरावर ठिय्या देऊन बसलं. ह्यूस्टनच्या बंदरात त्या पाच-सहा दिवसांत मिळून ९४० मिलिमीटरच्या आसपास पाऊस मोजला गेला. मुंबईकरांना हा आकडा कुठे पाहिल्यासारखा वाटेल. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ पडला होता. इथल्या मेडिकल सेंटरची तळघरं बुडाली आणि रुग्णांना जिन्यांवरून खाली आणावं लागलं. टेक्सासमध्ये वीसहून जास्त माणसं गेली. मोठा घात करणाऱ्या वादळाचं नाव यादीतून कायमचं काढतात. एकदाही हरिकेन न होता हा मान मिळवणारं अटलांटिकमधलं पहिलं नाव ॲलिसन. पण हे सगळं पाण्याचं झालं. आपली चर्चा वाऱ्यावर चालते. हरिकेनच्या श्रेणींचे १ ते ५ आकडे वाऱ्याच्या वेगाचेच असतात, आणि पावसाला आकडा नसल्यामुळे त्यावर पैज लावता येत नाही.

आता बेरिलकडे येऊ. इथे मात्र जगभरच्या मराठी माणसाने असाधारण कामगिरी केली आहे.

२९ जून २०२४ची ती संध्याकाळ कुणाला विसरता येईल? बार्बाडोसचं ब्रिजटाउन, टी-ट्वेंटीचा अंतिम सामना, सीमारेषेवर सूर्यकुमारचा तो झेल, मग रोहितच्या हातात चषक. त्याच दिवशी, त्याच बार्बाडोसच्या पूर्वेला भर समुद्रात बेरिल हरिकेन झालं. आदल्या दिवशीपर्यंत ते एक नाव नसलेलं कमी दाबाचं केंद्र होतं. जूनमध्ये त्या पाण्यात वादळं सहसा मूळ धरत नाहीत. पण समुद्र जूनमध्येच सप्टेंबरइतका तापला होता. दुसऱ्या दिवशी, ३० जूनला, बेरिल चौथ्या श्रेणीत पोचलं. जून महिन्यात चौथी श्रेणी गाठणारं अटलांटिकच्या नोंदींतलं हे पहिलंच वादळ. रत्नाचं नाव आहे हे. पाचू याच खनिजाच्या घराण्यातला.

विमानतळ बंद झाला, आपला संघ हॉटेलात अडकला, आणि ज्यांना कालपर्यंत अँटिग्वा आणि अर्जेंटिना यांत गल्लत व्हायची ते नातेवाईक पुण्याहून फोन करून वादळाचा डोळा कुठे आहे ते मला सांगू लागले. "अरे, आता दक्षिणेला सरकतंय, सुटले आपले!" आत्या म्हणाली. आत्याचं बरोबर होतं. बेरिलचं केंद्र बार्बाडोसच्या दक्षिणेकडून निघून गेलं. ब्रिजटाउनच्या मच्छीमार बंदरात होड्यांवर होड्या आदळून फुटल्या, तेवढं सोडलं तर हुकलं. खास विमान गेलं, ४ जुलैला सकाळी संघ दिल्लीत उतरला आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती.

ते हुकलेलं वादळ १ जुलैला सकाळी अकराच्या सुमाराला ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर गेलं. त्या वेळी सांगितलेला वेग ताशी २४० किलोमीटर. ग्रेनाडाच्या पंतप्रधानांनी सांगितलं की अर्ध्या तासात बेट सपाट झालं. शेजारच्या युनियन बेटावर दहातली नऊ घरं मोडली किंवा त्यांची छपरं उडाली. कॅरियाकूचं नाव तुम्ही त्या आठवड्यात ऐकलं असेल तर तुमचं काहीतरी चुकतंय. तिथे कुणी क्रिकेटचा संघ उतरलेला नव्हता.

आपल्याला हे नवीन नाही म्हणा. ३ जून २०२०ला निसर्ग आलं तेव्हा मुंबईने दिवसभर खिडकीत बसून वाट पाहिली आणि संध्याकाळी थोडं हिरमुसून जाहीर केलं, हुकलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा तेव्हा आडव्या पडलेल्या होत्या. सुपारीच्या झाडाला पुन्हा उभं राहायला किती वर्षं लागतात हे माहीत असणारी माणसं टीव्हीवरच्या चर्चेत नव्हती, त्यामुळे चर्चा छान झाली.

बेरिल तिथून पाचव्या श्रेणीत गेलं (इतक्या लवकर, २ जुलैला, आधी कुणी गेलं नव्हतं), जमैकाला घासून ५ जुलैला तुलुमपाशी युकातानवर चढलं आणि जरा थकून आखातात उतरलं. आता ते आपलं होतं. ४ जुलैला शंकू मेक्सिकोच्या ईशान्य कोपऱ्यावर आणि टेक्सासच्या दक्षिण टोकावर होता. गच्चीवर कणसं भाजत आम्ही एकमुखाने ठरवलं की हुकणार. शुक्रवारी रेघ थोडी वर आली. 'मॉडेलं गोंधळलीत,' काका म्हणाले. शनिवारी आणखी वर आली. काकांनी मॉडेल बदललं. निष्ठा ठेवू नये असं मी म्हणतो ते यासाठीच. नंतर फार त्रास होतो. रविवारी दुपारी दुकानात पाणी संपलं होतं, बॅटऱ्यांचे सेल संपले होते, ब्रेड संपला होता. वादाला मात्र काही कमी नव्हतं. रिकाम्या फळीसमोर दोन गृहस्थ तावातावाने बोलत होते. विषय असा, की पहिल्या श्रेणीच्या वादळाला पाणी भरून ठेवणं म्हणजे भित्रेपणा की नाही. दोघांच्याही ढकलगाड्या रिकाम्याच होत्या.

सोमवारी, ८ जुलैला, पहाटे चारच्या सुमाराला टेक्सासच्या किनाऱ्यावर माटागोर्डाजवळ बेरिल जमिनीवर आलं. त्या वेळी सांगितलेला वेग ताशी १३० किलोमीटर. पहिली श्रेणी, सगळ्यात खालची. म्हणजे नुसतंच. केंद्र शहराच्या पश्चिमेकडून गेलं आणि शहर वादळाच्या उजव्या अंगाला सापडलं. वारा आणि पाऊस दोन्ही त्याच अंगाला जास्त. दिवस उजाडेपर्यंत ओकची झाडं तारांवर पडली होती आणि २२ लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती. काहींची आठवडाभर आली नाही. बाहेर जुलैमधलं ह्यूस्टन. पुढच्या दिवसांत माणसं गेली ती बरीचशी या उकाड्यानेच.

तज्ज्ञासाठी ही खरी कसोटीची घडी असते. घाबरू नका, आणि शेजारच्या एकट्या आजींकडे बर्फ आहे का वगैरे विचारत हिंडू नका. त्यात अभ्यासाचा वेळ जातो. वीज कुठे आहे हे दाखवणारा नकाशा त्या वेळी बंद होता, तेव्हा लोकांनी व्हॉटाबर्गर या बर्गरवाल्यांचं ॲप उघडलं. त्यात चालू दुकानं नारिंगी दिसायची आणि बंद दुकानं करडी. जिथे बर्गर, तिथे वीज. लाखो लोकांच्या शहराने आपली विजेची स्थिती तळलेल्या बटाट्यावरून ओळखली. सगळ्या शेवयांपेक्षा हे मॉडेल अचूक निघालं आणि त्याला अमेरिकन की युरोपियन असं कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आमच्या पायरीवर येऊन बसले. बंद पंख्याखाली बसण्यापेक्षा बाहेर बरं. वर्तमानपत्राने वारा घेत म्हणाले, "युरोपियनने आधीच सांगितलं होतं." त्याने नक्की काय सांगितलं होतं हे विचारू नका. अशा वेळी मान डोलवावी. एव्हाना तुमच्या फोनमध्ये सहा टक्के बॅटरी उरलेली असेल. घरी फोन करून खुशाली कळवण्यात ती घालवू नका. आफ्रिकेच्या किनाऱ्यापाशी काही पिवळं दिसतंय का, तेवढं बघून घ्या.