येऊरच्या जंगलाचा निर्णय पाड्यावर व्हायला हवा

येऊर म्हणजे ठाणे शहराला लागून असलेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला जंगलाचा भाग. ठाण्यात ‘येऊर वाचवा’ म्हणणारे पुष्कळ आहेत आणि मीही त्यांच्यातलीच आहे. झाडं लावायला, प्लास्टिक वेचायला, निवेदनावर सह्या करायला आपण जातो आणि जायलाच हवं. पण या बैठकांमध्ये एक गोष्ट मला कायम खटकते. पाटोणापाडा, जांभूळपाडा या येऊरच्या आदिवासी पाड्यांवरची माणसं तिथे नसतात. असलीच तर वाट दाखवायला किंवा कार्यक्रमाच्या शेवटी तारपा हे त्यांचं फुंकवाद्य वाजवायला. जंगल कसं राखायचं हे ठरवताना त्यांना कुणी शेजारी बसवून घेत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. येऊरचं जंगल राखायचा अधिकार पाड्यांच्या ग्रामसभांना मिळाला पाहिजे. उपकार म्हणून नको, आणि ‘किती साधी, निसर्गात रमणारी माणसं’ या कौतुकापोटी तर मुळीच नको. या कामाची माहिती आणि सवय त्यांच्याकडे आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गरजही त्यांचीच आहे. जंगल गेलं तर आपला रविवार जाईल. त्यांचं सरपण, भाजी, औषध आणि देव, सगळंच जाईल.

जूनमध्ये पहिले एकदोन पाऊस झाले की ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या, म्हणजे पावसाळ्यात कंदातून उगवणाऱ्या रानभाजीच्या कोंबांच्या, जुड्या घेऊन बसतात. सोबत काकडाची हिरवी आंबट फळं. ती घातल्याशिवाय शेवळाची भाजी घशाला खाजते, हे घेणाऱ्याला ठाऊक नसेल तर त्याच बजावून सांगतात. एका वर्षी पाड्यावरच्या एका काकींबरोबर मी शेवळं काढायला गेले होते. त्या कोंब अगदी बुडाशी धरायच्या, हलकेच वळवून तोडायच्या आणि जागेवरची माती अंगठ्याने दाबून टाकायच्या. कंदाला धक्का नाही. पूर्ण उमललेलं शेवळ दिसलं की तिकडे बघायच्याही नाहीत. एका जागी सातआठ कोंब होते, त्यांतले निम्मे काढले आणि पुढे निघाल्या. मी म्हटलं, हे राहिले की. तर म्हणाल्या, “राहू दे गं बाय, पुढच्या साली कुठं जायाचं मग?” जंगलाचं व्यवस्थापन म्हणून आपण मोठमोठे अहवाल लिहितो, त्याचा गाभा मला त्या बांधावर दिसला. नवी रानभाजी आणि नवं धान्य आधी देवाला, मग आपल्या ताटात, ही रीतही पाड्यांवर आहे. ती मला निव्वळ श्रद्धेची वाटत नाही. सगळे थांबतात म्हणून रानाला चार दिवस मिळतात.

आता बिबट्या. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०३ चौरस किलोमीटरचं, चारी बाजूंनी शहराने आवळलेलं. २०१५ च्या कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) गणतीत तिथे आणि लगतच्या भागात ३५ बिबटे नोंदवले गेले. एवढ्याशा जागेत इतके बिबटे जगात फार कमी ठिकाणी आहेत. आणि या बिबट्यांच्या सगळ्यात जवळ, कुडाच्या भिंती असलेल्या घरांत, पिढ्यान्‌पिढ्या वारली आदिवासी राहत आले आहेत. ते वाघोबाला, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रूपातल्या देवाला, मानतात. ठाणे-पालघरच्या गावांमध्ये शेंदूर लावलेल्या लाकडी किंवा दगडी फळीवर वाघ कोरलेला असतो, वर सूर्य-चंद्र. आश्विन वद्य द्वादशीला, आपण वसुबारस करतो त्याच दिवशी, तिथे वाघबारस असते. नारळ, कोंबडं दिलं जातं, गुराढोरांना राख म्हणून साकडं घातलं जातं. यात भाबडं प्रेम नाही, भीती आहे आणि मानही आहे. तू तुझ्या जागी, आम्ही आमच्या जागी, दोघांनी मर्यादा पाळायची. दिवस मावळल्यावर पोराला एकटं बाहेर पाठवायचं नाही, रानातून येताना मोठ्याने बोलत यायचं, कोंबड्या रात्री आत घ्यायच्या, हे त्या मर्यादेत येतं.

याउलट शहराने काय केलं? बिबट्या दिसला की पिंजरा लावा, ही मागणी. पकडायचा आणि लांब कुठेतरी नेऊन सोडायचा. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासातून पुढे आलं की असे बिबटे उचलून दुसरीकडे सोडल्यावर तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी जागेत सोडलेलं जनावर बिथरतं. आपल्याकडे २००४ च्या जूनमध्ये उद्यानाच्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत लागोपाठ माणसं मेली, ते दिवस ठाणेकर विसरलेले नाहीत. २०११ मध्ये ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे हेच राष्ट्रीय उद्यान) हा उपक्रम सुरू झाला आणि लोकांना सांगितलं जाऊ लागलं: कचरा उघड्यावर टाकू नका, त्याने कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, दिसला तर गर्दी करू नका, लहान मुलांना अंधारात एकटं सोडू नका. उत्तम काम झालं, माझा त्याला मनापासून पाठिंबा आहे. पण यातलं किती पाड्यावर आधीपासून पाळलं जात होतं, याची दखल कुणी घेतली?

कायदा काय म्हणतो तेही बघा. २००६ च्या वनहक्क कायद्यात वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानंसुद्धा येतात. सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण आणि व्यवस्थापन हा हक्क म्हणून लिहिलेला आहे. वन्यजीव आणि जैवविविधता राखायची जबाबदारी ग्रामसभेवर टाकलेली आहे. आणि गाव म्हणजे काय, तर जुनी वस्तीसुद्धा, मग तिची सरकारदरबारी गाव म्हणून नोंद असो वा नसो. “येऊर महापालिकेत येतं, तिथे कसली ग्रामसभा” हे उत्तर म्हणूनच मला पटत नाही.

हे करून दाखवलेली गावं आपल्याच राज्यात आहेत. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची गोष्ट तर मला जास्तच भावते. हक्क मिळाल्यावर त्यांनी बांबूचं उत्पन्न स्वतः सांभाळलं आणि विडीसाठी लागणारी तेंदूपानं तोडणं मात्र बंद केलं. तेंदूत हमखास पैसा होता. पण पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, रानाला आगी लावल्या जातात, आणि झाडाला फळ धरत नाही, जे माणसं खातात आणि पाखरंही. पैसा नको, फळ राहू दे, असं गावाने बसून ठरवलं.

“आदिवासीही लाकूड तोडतात की”, असं इथे कुणीतरी लिहीलच. हो, तोडतात. चुलीसाठी मोळी आणतात. काहींच्या जमिनीही हातच्या गेल्या, आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला देता येत नाही असा कायदा असूनही. पण जंगलाला खरा त्रास कशाचा आहे, ते आज येऊरला शनिवारी रात्री जाऊन बघा. बंगल्यांवर डीजे, खेळाच्या टर्फवर दिवसासारखा लख्ख उजेड, रस्त्याकडेला बाटल्यांच्या काचा. एका पाड्यावरच्या आजी मला म्हणाल्या की रात्री पोरं झोपत नाहीत, आणि घुबडाचा आवाज ऐकून किती दिस झाले आठवत नाही. मोळीवाल्या बाईला गेटवर हटकलं जातं. डीजेची गाडी त्याच गेटातून आत जाते. हे मला सहन होत नाही.

आणि आता ठाणे-बोरिवली जुळा बोगदा. जवळपास १२ किलोमीटरचा मार्ग, त्यातला बहुतेक भाग उद्यानाच्या पोटातून. घोडबंदर रोडवर रोज अडकणारी मी त्याची गरज नाकारत नाही. पण डोंगर पोखरला की झऱ्यांचं, विहिरींचं काय होतं, हे पाड्यावरच्या माणसाइतकं कुणाला कळणार? कुठला झरा कधी आटतो, हे त्यांना महिन्यानिशी पाठ असतं. ती नोंद घ्यायला लागतो एक वही घेऊन बसणारा माणूस आणि ऐकायची तयारी.

म्हणून येऊरसाठी काम करणाऱ्या सगळ्या गटांना माझी विनंती आहे. पुढची बैठक क्लब हाऊसमध्ये न घेता पाड्यावर घ्या, आणि विषय त्यांनाच ठरवू द्या. मत मागायला कुणी आलं की विचारा: येऊरच्या पाड्यांचे सामूहिक वनहक्काचे दावे दाखल झाले आहेत का? झाले असतील तर कुठल्या टेबलावर आहेत? आणि झाले नसतील तर कागदपत्रं गोळा करायला पाड्यावर कोण, कधी येणार आहे? मला या कामाला वेळ द्यायचा आहे. ज्यांना जमीन-महसुलाची कागदपत्रं वाचता येतात त्यांनी कमेंटमध्ये लिहा, वकिलांची तर फारच गरज आहे.