लांगरी सैनिक नसतो म्हणणाऱ्यांना

भगूरच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर परवा एक मेसेज येऊन पडला. त्याचा सारांश असा: फौजेतले स्वयंपाकी, न्हावी, धोबी, स्टोअरवाले हे खरे सैनिक नव्हेत. ते बंदूक धरत नाहीत, सुरक्षित जागी बसून पूर्ण पगार घेतात, साहेबांच्या घरची कामं करतात. असा माणूस मेला तर त्याच्या बायकोला लढणाऱ्या जवानाची पेन्शन मिळत नाही, आणि निवृत्तीनंतर त्याला माजी सैनिक म्हणवून घेता येत नाही.

माझा दादा तोफखान्याच्या एका रेजिमेंटमध्ये लांगरी, म्हणजे फौजेतला स्वयंपाकी आहे. मेसेज वहिनीने वाचला आणि मला विचारलं, "भाऊजी, पेन्शनचं खरं आहे का हो?" दादा सध्या वर, सीमेजवळ आहे. नवरा तिकडे असलेल्या बाईला हे वाचायला लावणाऱ्याला काय म्हणावं?

तर आधी पेन्शन. साफ खोटं आहे. संरक्षण मंत्रालयाचं ३१ जानेवारी २००१ चं पत्र आहे. त्यात मृत्यूचे 'ए' ते 'ई' असे पाच प्रकार केले आहेत, ते मृत्यू कशामुळे आला यावरून. शत्रूच्या कारवाईत, सीमेवरच्या चकमकीत किंवा अतिरेक्यांच्या हल्ल्यात जवान गेला तर घरच्यांना उदारीकृत कुटुंब पेन्शन मिळते, म्हणजे शेवटच्या पगाराएवढी. गोळी लागली तेव्हा हातात रायफल होती की पळी, हा प्रश्नच तिथे नाही. अग्निवीरांचे नियम वेगळे आहेत. त्यांना पेन्शनच नाही, विमा आणि सानुग्रह रक्कम आहे. पण तिथेही स्वयंपाक्याला एक आणि तोफेवरच्याला दुसरं, असा भेद नाही.

बंदूक धरत नाहीत म्हणे! ट्रेड्समनही, म्हणजे स्वयंपाकी, न्हावी, धोबी अशा कामांसाठी घेतलेला जवानही, भरती झाल्यावर आधी सैनिकी प्रशिक्षण घेतो, फायरिंग करतो. पुढेही धावण्याची चाचणी त्याला चुकत नाही. लंगर आवरून दादा रात्री गार्डला उभा राहतो, आणि पहाटे सगळ्यांच्या आधी त्याचाच स्टोव्ह पेटतो. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, डाळ कुकरशिवाय शिजत नाही. अंधारात, थंडीत, उजेड बाहेर दिसू न देता शंभर माणसांचं जेवण वेळेवर काढणं ही काय चीज आहे, ते मेसेज लिहिणाऱ्याने एक दिवस करून बघावं.

आणि सुरक्षित जागा कुठली? १९९९ साली कारगिल युद्धात द्रासच्या रस्त्यावर वरून तोफगोळे पडत असताना दिवे विझवून ट्रक नेणारे ड्रायव्हरच होते. २०१६ मध्ये उरीत अतिरेकी घुसले ते मागच्या तळावर. बरेच जवान पेटलेल्या तंबूंत जळून मेले. त्या हल्ल्यात आपल्या सिन्नर तालुक्यातला खडांगळीचा जवानही गेला. लांब कशाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये इथे नाशिकमध्येच सरावात गोळ्याचा स्फोट होऊन दोन अग्निवीर गेले.

पगाराचं थोडक्यात: सातव्या वेतन आयोगानुसार मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे सैनिकी सेवेबद्दल पगारात मिळणारी जादा रक्कम, शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंत सगळ्यांना महिना ५,२०० रुपये. लांगऱ्यालाही तेवढाच.

साहेबांच्या घरच्या कामांबद्दल मात्र मला गप्प बसावं लागतं. असं होतं. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने २००८ मध्ये सहायक पद्धतीला, म्हणजे अधिकाऱ्याच्या दिमतीला जवान देण्याच्या प्रथेला, लाजिरवाणी म्हटलं, ती बंद करायला सांगितलं, तरी ती चालूच राहिली. पण हा दोष राबवून घेणाऱ्याचा आहे. ज्याला राबवलं त्याचं सैनिकपण त्यावरून कसं काय काढून घेता?

राहिलं माजी सैनिक. केंद्राच्या नोकऱ्यांसाठीच्या १९७९ च्या नियमांत व्याख्या स्पष्ट आहे: लष्कर, नौदल किंवा हवाई दलात कुठल्याही हुद्द्यावर, लढाऊ असो वा बिगर-लढाऊ, सेवा केलेला. हे सगळं मी गटावर टाकलं आहे. मेसेज पाठवणाऱ्या काकांनी तो अजून काढलेला नाही. काका, तो काढा, आणि वहिनीला एक फोन करा.