आत्मचरित्राचा घाट घालताना

निवृत्त झालात, पीएफ हातात आला, विश्रामबागेतल्या फ्लॅटला ग्रिलही बसवून झालं, म्हणजे आता आत्मचरित्र आलंच. अभिनंदन. मजकुराची काळजी करू नका, तो ज्याच्या त्याच्याकडे असतो. खरी गोम आकृतिबंधात. तो नीट निवडला की जे लिहायचं नाही ते आपोआप बाहेर राहतं आणि समीक्षक त्याला संयम म्हणतात.

समजा, तुमच्या मजकुरात अडचणीची एकच जागा आहे. ऑगस्ट 2019, सांगलीचा महापूर. आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेलेली, धाकटा भाऊ आईला पाठीवर घेऊन गच्चीवर चढलेला, आणि तुम्ही कोथरूडला. बोट येईपर्यंत ती दोघं भडंगावर आणि पावसाच्या पाण्यावर राहिली. तुम्ही फोनवर ‘काळजी घ्या’ म्हणालात. पाणी ओसरल्यावर आलात आणि चिखलात पहिल्यांदा काय शोधलंत, तर घराचं प्रॉपर्टी कार्ड. भावानं ते आधीच दुधाच्या पिशवीत गुंडाळून, सुतळीनं आवळून पंख्याच्या हुकाला टांगून ठेवलं होतं. स्टुलावर चढून त्यानं पिशवी काढली, शर्टाला पुसली, तुमच्या हातात दिली आणि पुन्हा खराटा घेऊन चिखल ओढायला लागला.

हे बसवायचं कुठं?

कालक्रम सगळ्यात सुरक्षित. पणजोबांपासून सुरुवात करा. कुलदैवत, वाड्याचे खण, गोठ्यातल्या म्हशींची नावं, काही सोडू नका. साठाव्या पानावर तुम्ही जेमतेम बारावीला पोचता. 2019 उजाडेपर्यंत वाचकही थकतो, तुम्हीही. कुणी विचारलंच तर यशवंतराव चव्हाणांचा दाखला द्या. त्यांचं आत्मचरित्र ‘कृष्णाकाठ’ 1946 पाशी थांबतं, पुढचे भाग लिहायचे राहून गेले. तेव्हा ‘दुसरा खंड लवकरच’ असं छापून मोकळं व्हा. मुख्यमंत्रिपद, संरक्षणमंत्रिपद सगळं पुढं असताना त्या माणसानं देवराष्ट्रे, आई आणि तुरुंग एवढ्यावर अख्खं पुस्तक पेललं, हा भाग मात्र आपल्या उपयोगाचा नाही.

कालक्रम जुनाट वाटत असेल तर गोफ विणा. सध्या त्याला फार मागणी आहे. एक पेड तुमचा, एक नदीचा, एक हरिपूरच्या, जमिनीखाली हळद साठवायच्या पेवांचा. मजकूर तापला की पेड बदलायचा. भाऊ तोंड उघडणार एवढ्यात कोयना धरणातून विसर्ग वाढवा. क्युसेकचा आकडा आला की वाचक भावाला विसरतो, हा अनुभव आहे. जाणकार सांगतील की गोफातले पेड कुठंतरी एकमेकांना भिडावे लागतात, कऱ्हाडला कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन धडकतात आणि मग दोघी मिळून पूर्वेकडं वळतात, तसे. तुमचे भिडू देऊ नका. आपापल्या काठानं जाऊ द्या. ब्लर्बवर ‘तरल’ लिहून येईल.

पत्ररूप घेणार असाल तर आईला लिहा, पण ती हयात असेल तर थोडं थांबा. आत्मचरित्रातल्या पत्राला उत्तर येता कामा नये. भावाला तर चुकूनही लिहू नका. तो उत्तर देईल, तेही नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर.

तुकड्यांचा प्रकार आळशांना बरा. चार ओळी, तीन फुल्या, पुन्हा चार ओळी. फुल्यांच्या जागेत बोटसुद्धा मावते.

आता वरच्या वर्गातली युक्ती. दया पवारांनी 1978 च्या ‘बलुतं’मध्ये स्वतःचीच दोन माणसं केली. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. जो आपण मागं टाकला असं वाटत होतं, त्यालाच समोर बसवून बोलतं केलं. तुम्हीही दोन माणसं करा, पण कामाची वाटणी वेगळी ठेवा. कोथरूडला जो होता तो ‘तो’, आणि सत्काराला जो उभा राहिला तो ‘मी’. ‘त्याला त्या दिवसांत काहीच सुचत नव्हतं’ असं लिहिलं की काम झालं. ‘त्याला’ कोण जाब विचारणार?

घरचे मधेच म्हणतील, ‘अहो, सरळ पिशवीपासूनच सुरू करा की. तिथून मागं वाड्यात जाता येईल, पुढं वाटणीपर्यंतही येता येईल.’ अशा लोकांना साहित्यातलं काही कळत नाही. पिशवीपासून सुरुवात केली तर पणजोबा कुठं घालायचे? आणि म्हशी?

एवढं करूनही शेवटचा शब्द छापखान्याचाच असतो. तिथं सोळा पानांचा एक फॉर्म. तुमचा मजकूर भरला 101 पानं. सहा फॉर्मची 96 होतात. पाच पानांसाठी सातवा फॉर्म चढवायचा म्हणजे खर्च वाढला, शिवाय मागं अकरा पानं कोरी. मालक चष्म्यावरून बघत म्हणेल, ‘साहेब, पाच पानं काढा की.’ काढा. कुठली, ते तुम्हाला ठाऊक आहे. तेवढं सत्काराच्या फोटोंना हात लावू नका, त्यात पालकमंत्री आहेत.