गोल साडी

गेल्या आठवड्यात आमच्याकडे सत्यनारायण होता. लेक आंघोळ करून आली ती जीन्स आणि वर खादीचा कुडता घालून. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "पूजेला हे चालायचं नाही. साडी नेस, निदान ड्रेस तरी घाल." ती काही न बोलता आत गेली. कोपऱ्यात वाती वळत बसलेली माझी आई, वय ब्याऐंशी, तेवढ्यात म्हणाली, "मी गोल साडी नेसले तेव्हा तुझी आजीही अशीच बोलली होती."

गोल साडी म्हणजे पाचवारी, हे आता समजावून सांगावं लागतं. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात आजी जन्मभर नऊवारी लुगडं नेसली. आईला लग्नानंतर शाळेत नोकरी लागली आणि ती गोल साडी नेसू लागली. आजीचं म्हणणं एकच, कासोटा नसेल तर स्वयंपाकघरात यायचं नाही. दोन वर्षं आई शाळेतून आली की आधी साडी सोडायची, लुगडं नेसायची, मग ओट्यापाशी जायची. सकाळी पोळ्या झाल्या की पुन्हा लुगडं सोडून निऱ्या घालायच्या, घड्याळाकडे बघत. हे तिने मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. गोल साडीत पाय घोट्यापर्यंत झाकले जातात, तरी तीच उथळ ठरली! अंग किती झाकलं याचा हिशेब तेव्हाही कुणी करत नव्हतं. सासूने जे जपलं ते सुनेने सोडलं, हे सलत होतं.

आणि आजोबा? त्यांनी आधी पगडी सोडली, मग टोपी, मग धोतर सोडून पँट घालून कचेरीत जायला लागले. पूजेपुरतं सोवळं नेसलं की झालं. त्यांना उंबऱ्यावर कुणी अडवलं नाही. त्या दिवशी माझा भाचाही जीन्स आणि टीशर्टवर तीर्थप्रसाद वाटत होता. त्याला मी हटकलं नाही, आणि हे मला आई बोलेपर्यंत जाणवलंही नव्हतं.

आपल्या बडोद्यात तर हे फार जुनं आहे. चिमणाबाई महाराणींनी पडदा सोडला आणि सयाजीराव महाराजांच्या शेजारी चारचौघांत येऊन बसल्या. केवढं धाडस ते! पण त्यांच्या मुलीने, इंदिराराजेंनी, ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न स्वतः मोडलं आणि 1913 मध्ये लंडनला कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केलं, तेव्हा आईवडील लग्नाला गेले नाहीत. पुढे याच इंदिराराजेंनी शिफॉनच्या साडीची फॅशन आणली आणि त्यांची मुलगी गायत्रीदेवी पँट घालून फोटोंत दिसू लागली. तीन पिढ्या, तीन वेश. मला त्यातल्या पहिल्या आईबद्दल पुन्हा पुन्हा वाटतं, स्वतः एवढा उंबरा ओलांडणाऱ्या बाईलाही लेकीचं पाऊल पचलं नाही.

नवरात्राचंच बघा. गरब्याला पाठीवर नुसत्या दोन नाड्यांची चोळी घालून पोरी पहाटेपर्यंत खेळतात, आपणच त्यांच्या चणियाला पिना लावून देतो आणि कौतुकाने फोटो काढतो. दसरा झाला की तीच मुलगी बिनबाह्यांचा टॉप घालून भाजी आणायला निघाली तर आपल्या कपाळावर आठ्या. मीही घातल्या आहेत.

देवापुढे धुतलेले, स्वच्छ कपडे हवेत, हे माझं मत आजही आहे. तिचा कुडता धुतलेला होता, इस्त्रीचा होता.

त्या दिवशी लेक ड्रेस घालूनच आरतीला उभी राहिली, माझ्यापासून जरा लांब, तिच्या आजीला चिकटून. पुढच्या पूजेला तिने काय घालायचं, ते मी सांगणार नाही.