सायलेन्सरचा स्प्रे कॅलिपरला नको रे बाप्पा

पंधरा दिवसांपासून एक मेसेज फिरून राहिला, चार जणांनी तर मलाच पाठवला. म्हणणं असं की कॅलिपर (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबून ब्रेक लावणारा भाग) रंगवायचा खास पेंट म्हणजे लूट आहे, सायलेन्सरवर मारायचा 600 डिग्रीवाला स्प्रे घ्या, चाक न काढता जाळीतूनच फवारा, लाल रंगानं ब्रेक थंड राहतात, अन् हे सगळं मे महिन्याच्या उन्हात करा म्हणजे तासाभरात पक्कं. एकही गोष्ट धड नाही भाऊ.

आधी ते 600. तापते ती डिस्क, कॅलिपर तिच्यापेक्षा बराच थंड असतो. अन् समजा खरंच 600 झाला तर रंगाची चिंता कायले करता? डॉट 4 ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान 230 असावा अन् ओल शोषल्यावर किमान 155, असा त्याचा दर्जा ठरलेला आहे. म्हणजे रंग करपायच्या कितीतरी आधी ऑइल उकळून पेडल बसलं असतं.

पण खरी गोम उलटी आहे. सायलेन्सरचा रंग सिलिकॉनवाला असतो, तो साधारण 200 डिग्रीला चांगला भाजला गेल्याशिवाय पक्का होतच नाही. सायलेन्सरवर ते आपोआप होतं, कॅलिपरवर कुठून होणार? आपलं नागपूर सपाट, मानेवाड्याहून सीताबर्डीला जाऊन या, सिग्नल किती का लागेनात, तेवढा ताव येत नाही, अन् समृद्धीवर तर ब्रेकला पायच कमी लागतो. चिखलदऱ्याचा घाट उतरताना तापेल थोडा, पण तेवढ्यानं काय होते.

हा शहाणपणा मी स्वतः करून बसलो आहे म्हणून सांगतो. दोन महिने एकदम झकास दिसत होता, मग ब्रेक ऑइल बदलायला गाडी लावली, निपल, म्हणजे ऑइल काढायची कॅलिपरवरची बारीक तोटी, ढिला केल्यावर तीन-चार थेंब खाली ओघळले अन् ते जिथून गेले तिथे रंगाला दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या, बोट लावलं तर खालचं लोखंड उघडं. ब्रेक ऑइल बॉडीचा रंगसुद्धा खातं, हे तर अर्धं कच्चंच होतं. त्यामुळे डब्यावरचा डिग्रीचा आकडा पाहण्याआधी तो रंग ब्रेक ऑइल सोसतो का ते पाहा. हार्डनर मिसळून ब्रशनं मारायचा दोन भागांचा रंग यात बराच टिकतो, तरी थेंब सांडला की लगेच पुसायचाच.

जाळीतून फवारायचं तर नावच काढू नका. गंज अन् काळी धूळ तशीच ठेवून रंग मारला तर पोपडे येणारच, वर डिस्क रंगते, निपल बुजतो, अन् पॅड ज्या खाचेत सरकतो तिथे रंग साचला की पॅड अडकून एकाच बाजूनं झिजतो. चाक काढा, नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका, स्टँड लावा, वायर ब्रश, ब्रेक क्लीनर, रबरावर अन् निपलवर टेप, मग रंग.

लाल रंगानं थंड राहतो हे ऐकून हसूच येते. ब्रेक थंड होतो डिस्कवरून जाणाऱ्या हवेनं, रंगानं म्हणण्यासारखा फरक पडत नाही. घ्या संत्रा रंग, आपलंच शहर आहे. मागच्या चाकाला डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असेल तर त्याला बाहेरून काळा मारा, समोर लालभडक अन् मागे गंजका ड्रम म्हणजे कोट घालून पायात स्लीपर.

राहिलं ऊन. 2013 च्या मे मध्ये इथे पारा 47.9 वर गेला होता, अशा उन्हात ठेवलेल्या लोखंडाला हात तरी लावता येतो का? रंग पसरायच्या आधीच सुकतो अन् पोत येतो संत्र्याच्या सालीसारखा, पेंटर लोक त्याला ऑरेंज पीलच म्हणतात, नागपूरवाल्याला वेगळं काय सांगायचं. सकाळी सहाला सावलीत बसा, पातळ हात द्या, दिवसभर गाडी हलवू नका.

अन् हार्डनर मिसळलेला रंग उरला तर डब्यातच दगड होतो, म्हणून शेजाऱ्याचे ड्रमपण त्याच सकाळी उरकून टाका.