लसणाचा वास आणि ब्रश: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘नीट ब्रश केला, जीभ घासली की लसणाचा वास जातो, त्यात रक्त आणि फुफ्फुसं कशाला आणता?’ असं तुम्ही विचारलंत. इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, लसणाची चटणी चापली की लगेच जो वास येतो, तो बराचसा तोंडातलाच. त्यावर ब्रश चालतो, हे कबूल. माझा लेख होता दुसऱ्या दिवशी सकाळीही टिकणाऱ्या वासाबद्दल: तो रक्तातून फुफ्फुसांत आणि तिथून श्वासात येतो, ब्रशने जात नाही. त्याबाबत मी ठाम आहे.

सोललेली अख्खी पाकळी नाकाशी धरा, वास जेमतेम येतो. तीच ठेचा, की भपका. पेशीत अ‍ॅलिइन हे गंधकाचं संयुग वेगळं आणि अ‍ॅलिइनेज हे विकर (एन्झाइम) वेगळं साठवलेलं असतं. ठेचल्यावर दोन्ही एकत्र येतात आणि काही सेकंदांत भपका मारणारं अ‍ॅलिसिन बनतं. १९४४ साली कॅव्हलिटो आणि बेली या संशोधकांनी ते वेगळं काढलं. पण अ‍ॅलिसिन टिकत नाही. त्यातून गंधकाची इतर संयुगं होतात आणि पोटात गेल्यावर त्यांच्यापासून अलाइल मिथाइल सल्फाइड तयार होतं.

खरा चिवट हाच. बाकीच्या संयुगांचा आतडी आणि यकृत बऱ्यापैकी निकाल लावतात, ह्याचा लवकर लागत नाही. मग ते रक्तात उतरतं, फुफ्फुसांतून श्वासात येतं, शिवाय घामातून आणि लघवीतूनही बाहेर पडतं. १९९९ मधल्या एका प्रयोगात तोंडातली हवा, फुफ्फुसांतली हवा आणि लघवी वेगवेगळी तपासली, तेव्हा ह्या वायूचा उगम तोंडात नसून आतड्यात असल्याचं दिसलं. त्याच्याही आधी, १९३६ साली, नळीने अन्न घेणाऱ्या एका रुग्णाला लसणाचं सूप थेट नळीतून दिलं होतं. तोंडाला लसूण लागलाच नाही, तरी श्वासाला वास आला. इथे ब्रश काय करणार?

हे मी लावून धरतोय कारण वास आला की आपण समोरच्याला, विशेषतः शाळकरी पोरांना, सरळ ‘दात घासले नाहीस का’ म्हणून झापतो. थंडीत माळव्यात घरोघरी लसूण असतो. त्या पोराने दात घासलेले असतात हो!

उपाय विचारलात म्हणून सांगतो: दूध. सायीसकट, आणि जेवून झाल्यावर पिण्यापेक्षा लसणाबरोबरच घेतलेलं जास्त उपयोगी पडतं. न शिजवलेलं सफरचंद किंवा पुदिन्याची पानंही चालतात.